देश सोडण्याचा दाखला

१

ब्रुनरसाहेबाचा आयकराचा दाखला खणातून नाहीसा झाला, तेव्हा खणाचं कुलूप शाबूत होतं आणि त्याची एकुलती एक किल्ली कमलिनीच्या कमरेला होती. चोर कोण, हे ठरवायला कुणाला डोकं खाजवायचीही गरज उरली नव्हती.

दौलतरावांना हे कळलं ते भिलाईच्या कॅम्पातल्या घराच्या दारात, हातातली बॅग खाली ठेवायच्या आधी. ते नागपूरहून आले होते भाचीसाठी मुलगा पाहायला. बहिणीनं, कौशल्येनं पत्र धाडलं होतं की मुलगा कमलिनीच्याच ऑफिसात आहे, देवानंद नाव, आपल्याच भंडाऱ्याकडचा, दसरा झाला की येऊन एकदा नजरेखालून घाला. त्यासाठी दौलतरावांनी ठेवणीतला कोट चढवला होता आणि गाडीत बसल्याबसल्या मुलाला विचारायचे प्रश्नही जुळवून ठेवले होते. आयकर खात्यात इन्स्पेक्टरकी करण्यात जन्म गेलेला माणूस. निवृत्त झाले तरी समोरच्याचं उत्पन्न विचारायची खोड काही जात नव्हती.

पण घरात चूल थंड होती. कमलिनी भिंतीला टेकून बसली होती आणि मामाला पाहून उठलीही नाही.

"दादा, पोरीवर आळ आला," कौशल्या म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

हकीकत थोडक्यात अशी होती. ब्रुनरसाहेब ऑस्ट्रियाचा. कारखान्याच्या नव्या मिलमध्ये क्रेन उभ्या करायला एका परदेशी कंपनीनं त्याला पाठवलं होतं. काम संपलं होतं. आज संध्याकाळी दुर्गहून मेल, मग मुंबईहून बोट आणि घरी पोचताच मुलीचं लग्न. पण परदेशी माणसाला या देशातून बाहेर पडायचं तर आयकर कचेरीचा दाखला लागतो, की याच्याकडे सरकारचं काही येणं उरलेलं नाही. तो नसला तर बोटीवर पाय ठेवू देत नाहीत. हा दाखला मिळवायचं काम पावर हाउस भागातल्या भय्याजी नावाच्या दलालाकडे दिलेलं होतं. नवमीच्या संध्याकाळी भय्याजीच्या माणसानं तो ऑफिसात आणून कमलिनीच्या हाती दिला आणि त्याची तिनं टाइप केलेली शिक्क्याची पोचही आहे, असं सगळे म्हणत होते. काल साहेबानं दाखला मागितला, तर कमलिनी म्हणाली की असा कागद माझ्याकडे आलाच नाही. पोच मात्र होती. पोच साहेबाच्या खिशात होती.

"नवमीच्या संध्याकाळी तू ऑफिसात होतीस?"

"होती न मामा. एकटीच होती. कोणी आलंच नाही."

एकटी होती, हीच पंचाईत. साक्षीला भिंतीखेरीज कुणी नव्हतं.

साहेबानं मुदत दिली होती ती आज गाडीला निघेपर्यंतची. दाखला सापडला तर ठीक, नाहीतर चोरीची तक्रार. टायपिस्ट म्हणून मिळणाऱ्या पगारावर दोघी मायलेकी जगत होत्या. कमलिनीचे वडील फिटर होते, ते दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेले. एकदा चोर ठरलेल्या मुलीला सगळ्या भिलाईत कुणी दारात उभं करणार नव्हतं, आणि लग्नाचं तर नावच नको.

"पण साहेबाचा कागद चोरून तुले काय मिळणार?" दौलतरावांनी विचारलं.

उत्तर कौशल्येनं दिलं. मागच्या महिन्यात कमलिनीनं साहेबाकडे पगाराचा अॅडव्हान्स मागितला होता. त्यानं झिडकारून लावलं. त्या रागातून तिनं हे केलं, असं साहेबाचं म्हणणं. कौशल्येलाही ही गोष्ट कालच कळली होती.

"कायले मागतला होता अॅडव्हान्स?"

कमलिनी मामाकडे बघत राहिली. मग तिनं मान फिरवली आणि कितीही विचारलं तरी तोंड उघडलं नाही.  ज्यांना लपवायचं असतं ती माणसं अशीच मान फिरवतात, हे त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं होतं.

२

साहेबाचं ऑफिस हथखोजच्या वाटेवर होतं. पत्र्याचं छप्पर, पुढे लाल धूळ, मागे क्रेनच्या सुट्या भागांचे लाकडी खोके. दारात फकिरा चपराशी बसला होता. दौलतराव कमलिनीचे मामा आहेत हे कळताच तो घाईनं उठला आणि पाणी आणायच्या निमित्तानं जो गेला तो परतला नाही.

देवानंद मात्र पुढे येऊन पाया पडला. उंच, नीटनेटका, दाढी घोटलेली. साहेबाचा असिस्टंट आणि उजवा हात. दौलतरावांना मुलगा बघताक्षणी आवडला. आता आवडून काय उपयोग, असंही मनात आलं आणि जीव चुटपुटला.

"मामाजी, मी साहबला कालपासून समझाऊन राहिलो," तो हळू आवाजात म्हणाला. "कमलिनी वैसी लडकी नहीं है. कुठं तरी ठेवला असन, भुलली असन. पण पोच निघाली न. मी तर नवमीला रायपूरला होतो, क्रेनचे पुर्जे आणायला. मी इथं असतो तर ही नौबतच नसती आली."

त्यानं मार्गही काढला होता. कंपनीच्या कलकत्त्याच्या ऑफिसनं हमी लिहून दिली, तर साहेबाला दाखल्याशिवाय तात्पुरती परवानगी मिळू शकत होती. तशी तार आलीच की साहेब सुटला. मग कमलिनीचं काय ते राजीनाम्यावर मिटवता येईल, पोलीस नकोत. भला माणूस. दौलतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

साहेब ट्रंक भरत होता. तांबूस चेहऱ्याचा, पन्नाशीचा. आधी त्यानं दौलतरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. पण हा म्हातारा आयकर खात्यातला, असं देवानंदनं सांगितलं आणि साहेबाचा बांध फुटला. देवानंद तारेची चौकशी करायला बाहेर पडला, तसा साहेब खुर्ची ओढून समोरच बसला.

त्याच्या देशातला कर त्याला समजत होता. इथला काही केल्या समजत नव्हता. इथे पगारातून कंपनी दर महिन्याला कर कापून घेते, ते ठीक. पण त्यावर आणखी वेगळे पैसे. लिंत्सला त्याचं एक घर आहे, ते भाड्यानं दिलंय. त्या भाड्यावरही इथे कर. का, तर तो अर्ध्या वर्षाहून जास्त भारतात राहिला, म्हणजे इथला रहिवासी झाला, आणि रहिवाशाच्या सगळ्या जगातल्या कमाईवर हे सरकार कर घेतं. तो दर महिन्याला रोख देत होता. देवानंद ते भय्याजीकडे पोचवत होता.

दौलतरावांनी आधी पोच पाहायला मागितली. साहेबानं खिशातून काढून दिली. चार ओळी, खाली ऑफिसचा शिक्का, सही नाही. या ऑफिसची पद्धतच तशी, साहेब म्हणाला. तारीख नवमीची. दौलतरावांना ती चष्म्याशिवायच वाचता आली. टेबलावर बोट कंपनीला लिहिलेल्या पत्राची मशीनवर वेगळी टाइप केलेली प्रत पडली होती, तीही त्यांनी उचलली. ती पोचेच्या एकच दिवस आधीची, पण चष्मा लावून, खिडकीशी धरूनही अक्षरं पुसटच दिसत होती. त्यांनी दोन्ही कागद खाली ठेवले आणि करावर आले.

"साहेब, परक्या माणसाचे आमच्याकडे तीन प्रकार," ते इंग्रजीत म्हणाले. नोकरीत हे त्यांनी शेकडो वेळा समजावलं असेल. "पहिला येतो आणि जातो. तो पाहुणा. त्यानं इथे जे कमावलं तेवढ्यावरच कर. दुसरा राहतो, पण नवा असतो. तो भाडेकरू धरा. तिसरा वर्षानुवर्षं राहून इथलाच झालेला. त्याच्या सगळ्या कमाईवर कर. तुम्ही अर्ध्या वर्षाहून जास्त राहिलात, म्हणून पाहुणे उरला नाहीत हे खरं. पण तुम्ही दुसरे. तिसरे व्हायला फार वर्षं जावी लागतात."

"म्हणजे?"

"म्हणजे लिंत्सच्या घराचं भाडं तुम्ही लिंत्सलाच ठेवलंत, इथे आणलं नाही, तर त्यावर इथे काहीच कर नाही. एक पैसासुद्धा नाही. तुम्हाला नियम सांगितला तो खोटा नाही. पण अर्धाच सांगितला."

साहेबाच्या हातातला सदरा तसाच राहिला. 

"मग मी दोन वर्षं जे भरत होतो," त्यानं शेवटी विचारलं, "ते काय होतं?"

३

पावर हाउसच्या बाजारात भय्याजीचं दुकान शोधावं लागलं नाही. पाटी माणसापेक्षा मोठी होती. आत लोखंडी टेबल, मागे भिंतीशी लाल कापडात बांधलेल्या वह्यांचा ढीग आणि त्यावर सुकलेल्या झेंडूची माळ. भय्याजी पानानं तोंड भरून बसले होते. वर्धेकडचे, बोलण्यात पट्टीचे. आपण किती साहेबांचे कर वाचवले याची कथा त्यांनी न विचारता सुरू केली. दौलतरावांनी ती मधेच तोडली आणि ब्रुनरसाहेबाचं नाव घेतलं.

भय्याजींचं पान चावायचं थांबलं.

"त्या साहेबाचं काम माह्याकडे नाही," ते म्हणाले.

दौलतरावांनी सरळच सांगितलं की साहेबाचे दोन वर्षांचे पैसे तुमच्या नावानं निघालेत, दाखला तुमच्या माणसानं पोचवला म्हणतात, आणि एक मुलगी त्यापायी चोर ठरून राहिली आहे. भय्याजींनी कानावर हात ठेवले. मग ते चिडले. पहिल्या वर्षी त्या साहेबाचं काम मिळावं म्हणून आपण त्या देवानंदाच्या मागे फिरलो होतो, पण त्यानं हिंग लावून विचारलं नाही, साहेब स्वतःच सगळं बघतात म्हणाला. पैसा कसला आणि दाखला कसला!

"नवमीले संध्याकाळी तुमचा माणूस ऑफिसात गेला होता का नाही?"

"नवमीले?" भय्याजींनी मागच्या ढिगाकडे हात केला. "दौलतराव, तुमी नागपूरचे होऊन असं विचारून राहिले? नवमीले मी सकाळीच वह्या पूजेत मांडल्या, दौत-कलम त्याच्यात ठेवले अन् दुकान बंद केलं. दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय मी कलमाले हात लावत नाही. माह्या बापानं नाही लावला. कागद पोचवाले माणूस कोठून धाडू?"

बोलणं ऐकून तर माणूस खरा वाटत होता. पण दलालाचं बोलणं खरं वाटणं हाच त्याचा धंदा असतो. दोघांतला एक जण खोटं बोलत होता. एक भय्याजी, ज्याला दौलतरावांनी तासाभरापूर्वी पहिल्यांदा पाहिलं. दुसरा देवानंद, ज्याला जावई करून घ्यायला ते आले होते. आणि देवानंद तर नवमीला रायपूरला होता. त्यानं पुर्जे आणलेले सगळ्या ऑफिसनं पाहिले होते.

दुकानातून उतरताना त्यांना रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीशी फकिरा दिसला. तो त्यांच्याकडेच पाहत होता. नजरानजर झाली तसा तो हातातला कप तसाच ठेवून गर्दीत घुसला. दौलतराव मागे धावले, पण साठीतलं धावणं ते किती. एका सायकलीवर आदळून थांबले. सायकलवाल्यानं केलेला उद्धार त्यांनी मुकाट ऐकून घेतला.

सूर्य कलायला लागला होता. साहेबाची गाडी संध्याकाळची होती आणि कलकत्त्याहून हमीची तार कुठल्याही क्षणी येणार होती. एकदा साहेब बोटीत बसला की हे सगळं इथेच गाडलं जाणार होतं, कमलिनीसकट.

४

घरी परतले तेव्हा कौशल्येनं जबरदस्तीनं पुढे ताट ठेवलं.  समोर कोनाड्यात देव होते. त्यांच्यापुढे दसऱ्याची आपट्याची पानं, आणि शेजारी, तेल लावून पुसलेले, नट आवळायचे चार पाने आणि एक हातोडी. त्यांवर हळदीकुंकवाची बोटं अजून दिसत होती.

"ह्यांच्या हत्यारांची पूजा अजून करतो आमी खंडेनवमीले," कौशल्या म्हणाली. "आता वापरणारं कोणी नाही. पण मांडतो."

दौलतरावांचा हात ताटावरच थांबला. वह्या. दौत-कलम. पाने, हातोडी. ज्याच्यावर घर चालतं ती वस्तू.

"कमलिनी," त्यांनी हाक मारली. "बाबाची हत्यारं हे. तुह्या हत्याराचं काय केलं नवमीले?"

ती पहिल्यांदाच नीट बोलली. नवमीला सकाळी ऑफिसात जाऊन तिनं टाइपरायटर पुसला, कव्हर घातलं, वरून झेंडूची माळ गुंडाळली. ऑफिसचा शिक्का, पट्टी, पंचिंग मशीन सगळं समोर मांडलं. फुलं फकिरानंच आणली होती. मशीनला दिवसभर हात लावायचा नाही म्हणून बसली. साहेबाला घरी पत्र टाइप करून हवं होतं, तो चिडला, पण तिनं ऐकलं नाही. शेवटी त्यानं हातानं लिहिलं. बाबांच्या हत्यारांना ते नवमीला हात लावू देत नसत, मग आपण का लावावा?

"मंग दसऱ्याले सुट्टी होती न?"

"सुट्टी होती. पण सकाळी जाऊन उत्तरपूजा केली, माळ उतरवली. जुनी रिबन पार गेली होती मामा, अक्षर उठतच नव्हतं. साहेबानं अष्टमीले नवी दिली होती, डबीतली. तेही पूजेत ठेवली होती, बंदच. दसऱ्याले डबी फोडली अन् नवी रिबन चढवली. साहेब तेव्हा त्याची डाक घ्याले आला होता. हसून राहिला होता माह्यावर."

दौलतरावांनी ताट बाजूला सारलं.

"त्यानं तुले पोच दाखवली का?"

"नाही. खिशातून काढली, हलवली अन् परत ठेवली. पोच आहे म्हणे, तुह्या मशीनची. तारीखही नाही पाहू दिली."

दौलतराव उठले, कोट चढवला. पाहुणचाराचा कोट, पण चालेल. तेवढ्यात दाराबाहेर कुणी खाकरलं. फकिरा उभा होता. घामेघूम, टोपी हातात.

"मामाजी, मले भ्या वाटून राहिलं होतं," तो म्हणाला. "माह्यावर येईन म्हणून पळालो. पण या पोरीनं माह्या लेकराले अक्षर शिकवलं. दसऱ्याच्या संध्याकाळी एक जण माह्या घरी आला होता. ऑफिसची चाबी मांगाले."

५

ऑफिसात साहेबाच्या ट्रंका दाराशी लागल्या होत्या. जीप तयार होती. देवानंदच्या हातात कलकत्त्याची तार होती आणि चेहऱ्यावर सुटकेचं हसू. दौलतराव कमलिनीला, फकिराला आणि वाटेतून उचललेल्या भय्याजींना घेऊन आत शिरले, तेव्हा ते हसू जरासंच हललं.

साहेबाकडे वेळ नव्हता. दौलतरावांनी फक्त दहा मिनिटं मागितली आणि पहिलाच प्रश्न साहेबाला विचारला. टाइपरायटरला फुलांची माळ होती, त्या दिवशी तुम्ही घरी पत्र कशानं लिहिलंत?

साहेबानं कपाळाला आठ्या घातल्या. हातानं, तो म्हणाला. या मुलीनं मशीनला हात लावू दिला नाही. त्याला तो दिवस चांगला आठवत होता, कारण तो फार चिडला होता. दिवस मावळताना तो मिलकडे गेला तेव्हाही माळ जागच्या जागी होती.

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी?"

सकाळीही होती. त्याच्यासमोरच तिनं ती काढली, नव्या रिबनची डबी उघडली. डबीवर तांबडं काहीतरी लावलेलं होतं.

दौलतरावांनी पोच मागून घेतली आणि टेबलावर अष्टमीच्या पत्राशेजारी ठेवली. एका कागदावरची अक्षरं राखेसारखी, दुसऱ्यावरची काळीकुळकुळीत. साहेब वाकला. त्याच्या लेखी नवमी, दसरा हे नुसते वार होते, त्यामुळे पोचेची तारीख वाचून त्याला काही खटकलं नव्हतं. आता तो ती तारीख पुन्हा पुन्हा वाचायला लागला.

"ही पोच नवमीची नाही," दौलतराव म्हणाले. "त्या दिवशी मशीन देवाजवळ होतं, शिक्काही देवाजवळ होता आणि नवी रिबन डबीत बंद होती. कुणीतरी ही दसऱ्यानंतर बसून टाइप केली आणि मागची तारीख घातली. कोण? तिथे हात लावायचा नाही हे ज्याला माहीतच नव्हतं तो. कमलिनीनं स्वतः पूजा मांडली. फकिरानं फुलं आणली. साहेबांनी तर त्यापायी हातानं पत्र लिहिलं. आणि भय्याजींनी नवमीला स्वतःच्याच दुकानात कलम पूजेत ठेवली होती, ते नवमीच्या तारखेची टाइप केलेली पोच कशाला बनवतील? त्या दिवशी ऑफिसात नव्हता असा एकच माणूस आहे."

सगळ्यांच्या माना देवानंदकडे वळल्या. तो दचकून म्हणाला, "पण मामाजी, मशीनची पूजा तर सप्टेंबरच्या सतरा तारखेलाच झाली. विश्वकर्मा पूजा. मैंने खुद की थी इसी ऑफिस में. मशीनला टीका मीच लावला होता."

"ते कारखान्याची," दौलतराव म्हणाले. "हे आपली. तुह्या घरीही होत असन, देवानंद. तू विसरला."

 तेव्हा फकिरा पुढे झाला. दसऱ्याच्या संध्याकाळी देवानंदबाबू सोनं वाटायला आला, पेन टेबलावर राहिलं म्हणाला आणि चाबी घेऊन गेला. परत आला तेव्हा फकिराच्या पोराच्या हातात त्यानं बक्षिशी ठेवली. पेन तर त्याच्या खिशात आधीपासूनच होतं.

बाकीचं दौलतरावांनी साहेबाला त्याच्याच भाषेत, म्हणजे कराच्या भाषेत, समजावून सांगितलं. घरभाड्यावरचा कर मुळात नव्हताच. तो देवानंदच्या खिशात जात होता, भय्याजींचं नाव पुढे करून. दाखल्याचा अर्ज केला असता तर आयकर अधिकाऱ्यानं साहेबाला समोर बसवून पहिल्यांदा हेच विचारलं असतं की तुम्ही काय काय भरलंत. म्हणून अर्ज केलाच नाही. जो दाखला कधी निघालाच नाही तो खणातून चोरीला कसा जाईल? कुलूप शाबूत होतं, कारण आत काही नव्हतंच. हमीवर साहेब निघून गेला असता आणि मागे विचारणारं कुणी उरलं नसतं. एक चोर मात्र तयार हवा होता, म्हणून त्यानं पोच बनवली आणि भय्याजीकडून आली म्हणून साहेबाच्या हाती दिली.

देवानंद भिंतीला टेकला. दुर्गला प्लॉट घेतला, तो पुटपुटला. लग्नानंतर घर बांधायचं होतं. कमलिनीला पोलिसात जाऊ दिलं नसतं, खरंच नसतं, नुसता राजीनामा. तिच्याकडे मात्र त्यानं एकदाही पाहिलं नाही.

 कमलिनी टाइपरायटरजवळ गेली आणि त्याच्यावर कव्हर घालून उभी राहिली.  दौलतरावांना ते पाहवलं नाही. राग आणि कणव एकाच वेळी दाटून आली आणि त्यांनी तोंड फिरवलं.

साहेबानं जीप परत पाठवली. देवानंदला कारखान्याच्या सिक्युरिटीकडे सोपवलं. मग तो कमलिनीसमोर उभा राहिला, टोपी काढली आणि तुटक हिंदीत माफी मागितली. पगारावरचा कर कंपनीनं रीतसर कापलेला होता, त्याचे कागद ट्रंकेत होते. उद्या सकाळी दौलतराव त्याला घेऊन रायपूरच्या आयकर कचेरीत जाणार होते. अडण्यासारखं काही नव्हतं. तो उद्याच्या मेलनं निघाला तरी बोट चुकणार नव्हती.

 दोघं घरी परतले तेव्हा कौशल्या दारातच उभी होती. पोर सुटली हे ऐकून तिनं हात जोडले आणि मग कोण होता ते ऐकून ती मटकन खाली बसली. दसऱ्याला तो याच घरात येऊन पाया पडून गेला होता.

बऱ्याच वेळानं दौलतरावांनी विचारलं, "आता तरी सांग बाई. अॅडव्हान्स कायले मागतला होता?"

कमलिनी कोनाड्याकडे बघत होती. बापाच्या पान्यांच्या शेजारी, देवांपुढे, देवानंदनं दिलेली आपट्याची पानं होती. ती आता वळून कोरडी झाली होती.

"जावयाले घड्याळ द्या लागते म्हणे," ती म्हणाली. "बाबा नाहीत. आईकडे नाही. म्हटलं, आपणच घ्यावं. त्याले सांगितलं होतं मी, कोणाले सांगू नको म्हणून. त्यानंच साहेबाले आठवण करून दिली असन, की मी पैसे मागून राहिली होती."

कौशल्येनं तोंडाला पदर लावला.

"आज साहेब म्हणत होता, पाहिजे तेवढा अॅडव्हान्स घे," कमलिनी म्हणाली. "मी नाही म्हटलं."

ती उठली, पानं गोळा केली आणि बाहेर झाडाच्या बुडाशी टाकून आली. मग वडिलांचे पाने एकेक करून फडक्यात गुंडाळले आणि पेटीत ठेवले. उद्या सकाळी तिला ऑफिसला जायचं होतं. साहेबाचा अर्ज टाइप करायचा होता.